चुकायचं खातं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळे दोनच माणसांना वचकून असत. एक मालक आणि दुसऱ्या तक्रारीच्या टेबलावरच्या बाई. त्यातही मालक सकाळी रागावले तर संध्याकाळपर्यंत विसरून जात. बाई विसरत नसत.

बाईंच्या पाठीमागे भिंतीवर लाकडी फळा होता. फळ्यावर खिळे, खिळ्यांखाली इमारतींची नावं आणि खिळ्यांना अडकवायला मेकॅनिकांच्या नावांचे पत्र्याचे बिल्ले. फोन वाजला की बाई तक्रार ऐकत, मागे न बघता हात लांबवून बरोबर बिल्ला बरोबर खिळ्याला अडकवत आणि दुसऱ्या फोनवरून मेकॅनिकाला पिटाळत. पहिला फोन तोवर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला असे, कारण त्यात अडकलेला माणूस असे. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवणं, ही बाईंची खरी हातोटी. घाबरलेल्याला त्या दरडावत, रडणाऱ्याला मुलाबाळांचं विचारत, आणि चिडलेल्याला इतक्या शांतपणे ‘हो ना, बरोबर आहे तुमचं’ म्हणत, की त्याचा चिडण्यातला रसच निघून जाई. एका गृहस्थांनी तर सुटका झाल्यावरही फोन ठेवला नव्हता. भावाशी झालेल्या भांडणाची हकिगत अर्धी राहिली होती म्हणे.

अशा या टेबलावर एक दिवस कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरच्या मागोमाग बाईंची सून आली.

यात बाईंचा काही हात नव्हता. मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं, ते बसवून सगळ्यांना शिकवायला एक हुशार मुलगी नेमली, आणि मुलाखतीत तिच्या सासूची चौकशी करायचं त्यांना सुचलं नाही. घरातली सासू ऑफिसात विद्यार्थिनी होऊन बसणार म्हटल्यावर मेकॅनिक मंडळींना आयतीच करमणूक मिळाली. सुनेची नोकरी मात्र अजून पक्की नव्हती. सॉफ्टवेअर नीट मार्गी लागलं तर कायम करू, असं मालकांनी तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. घरी ती सासूला ‘आई’ म्हणे. ऑफिसात सगळ्यांसारखं ‘बाई’ म्हणायचं तिने ठरवलं, तर बाईंनी लगेच तिला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली. त्या ‘मॅडम’मध्ये कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला काही केल्या कळत नव्हतं.

नव्या पद्धतीत फळा नाही, बिल्ले नाहीत. पडद्यावर इमारत निवडायची, मेकॅनिक निवडायचा आणि ‘पाठवा’वर टिचकी मारायची, की तिकडे त्याच्या मोबाइलवर मेसेज. सोपं होतं. पण पहिल्याच दिवशी एका इमारतीच्या लिफ्टमधला दिवा गेल्याची तक्रार आली, आणि बाईंच्या हातून एका मेकॅनिकाऐवजी सगळेच निवडले गेले. थोड्या वेळाने त्या इमारतीखाली कंपनीतले यच्चयावत मेकॅनिक हत्यारांच्या पिशव्या घेऊन उभे! एवढी फौज बघून रहिवाशांना वाटलं, लिफ्ट कोसळली. काही जण तर जिन्याने चपला न घालताच खाली धावले.

मेकॅनिक पोट धरधरून हसले. त्यांच्यातला सगळ्यांत उंच, ज्याला सगळे शिडी म्हणत, तो तर रोज सकाळी दारातून डोकं आत घालून विचारू लागला, “बाई, आज संमेलन कुठे भरवलंय?”

बाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्यावर हसायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी माउसला हात लावायचंच सोडलं. सून शिकवायला बसली की त्या “हो, कळलं” म्हणत आणि फोन वाजला की हात मागे फळ्याकडे जाई. हे मालकांच्या कानावर गेलं.

“पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येऊन बसणार आहे,” ते येऊन सांगून गेले. “त्या दिवशी फळा खाली उतरवायचा. बाईंना कॉम्प्युटर जमला तर टेबल त्यांचंच. नाही जमला तर खाली सुट्या भागांचं कोठार आहे. पगाराला धक्का नाही.”

पगाराची काळजी कोणाला होती? कोठार तळघरात होतं. तिथे कप्प्या, दोर, स्प्रिंगा आणि ग्रीसचे डबे. फोन नाही. दिवसभरात कोणी अडकायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही. त्या आवाजांशिवाय आपलं काय होणार, हे बाईंना खरोखरच कळेना. घरी आल्यावर त्यांनी घासून ठेवलेली भांडी काढून पुन्हा घासायला घेतली. सून शेजारी उभी राहून मुकाट्याने ती पुसू लागली.

“आई, एक बोलू? तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही असं नाहीये. तुम्हाला चुकायची भीती वाटते.”

“वाटणारच! चुकले तेव्हा काय झालं, बघितलंस ना?”

“बघितलं. म्हणून म्हणते, तुम्हाला चुकायलाच एक जागा करून देते.”

“चुकायला जागा कशाला लागते? मी आहे तिथेच चुकते की,” बाई म्हणाल्या. पण भांडं घासणारा हात थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सुनेने बाईंच्या कॉम्प्युटरवर एक सराव खातं उघडून दिलं. दिसायला तंतोतंत खऱ्यासारखं, फक्त वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आणि त्यावर ‘सराव’ असं लिहिलेलं. इथल्या इमारती खोट्या, तक्रारी खोट्या, मेकॅनिक खोटे. इथून एकही मेसेज बाहेर जाणार नाही. आणि इथे बाईंना सगळे अधिकार होते, अगदी सुनेच्या बरोबरीने.

“बाहेर जात नाही कशावरून?” बाईंनी विचारलं.

सुनेने एका खोट्या मेकॅनिकाच्या नावापुढे बाईंचाच मोबाइल नंबर घातला. बाईंनी मोबाइल समोर ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि ‘पाठवा’वर टिचकी मारली. मोबाइल गप्प. पुन्हा मारली. गप्प. मग त्यांनी चिडल्यासारखं धडाधडा टिचक्या मारल्या, आणि मोबाइल तसाच निपचित पडून राहिला. बाईंचे खांदे जरा खाली आले.

आता अडचण वेगळीच निघाली. सुनेने खोट्या मेकॅनिकांना ‘मेकॅनिक एक’, ‘मेकॅनिक दोन’ अशी नावं दिली होती.

“मेकॅनिक एकशी मी काय बोलू?” बाई म्हणाल्या. “त्याचा स्वभाव काय, त्याला उंचीची भीती वाटते का, काही माहीत नको? ओळखपाळख नसलेल्या माणसाला मी कामावर पाठवत नाही.”

“मग तुमच्या ओळखीचे घाला,” सून म्हणाली.

हे सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत सराव खात्यात बाईंचं अख्खं सासर कामाला लागलं होतं. नणंदबाई मेकॅनिक झाल्या. त्यांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी एका बोटाने टाइप केलं, ‘चहा घेतल्याशिवाय निघत नाही’. दिरांच्या नावापुढे, ‘पत्ता चुकतो, कबूल करत नाही’. थोरल्या जाऊबाईंना अवजड कामं दिली, कारण लग्नानंतर त्यांनी बाईंना तशीच दिली होती. सून तोंडावर ओढणी धरून हसू आवरत होती. या घरात आल्यापासून सासूच्या शेजारी बसून ती पहिल्यांदाच अशी हसत होती, आणि बाईंच्या ते लक्षात आलं होतं.

जेवायच्या सुट्टीत मात्र पंचाईत झाली. सून डबा घेऊन उभी राहिली, बाई हलेनात.

“चला ना, आई... म्हणजे बाई.”

“अगं, नवव्या मजल्यावर माणूस अडकलाय.”

“तो खोटा आहे!”

“असू दे. त्याला सोडवते आणि येते. भावजी पत्ता चुकले असणार, त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला हवं.”

असं करत बाई एका मेकॅनिकाचं काम दुसऱ्याला द्यायला शिकल्या. मग सुनेने खरा अभ्यास दिला. “आज एकही काम बरोबर करायचं नाही. मुद्दाम चुकायचं, आणि मग निस्तरायचं.”

बाईंच्या हाताला ते जमेना. आयुष्यभर बरोबर खिळा शोधणारा हात चुकीच्या ठिकाणी जायला तयारच होईना. पण एकदा चटक लागल्यावर त्यांनी कहर केला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्ट बंद पाडली. सगळ्या सासरला एकाच मजल्यावर धाडलं आणि एकेकाला माघारी बोलावलं. शेवटी कोपऱ्यात एक लाल बटण दिसलं, ‘सगळं रिकामं करा’, तेही दाबून पाहिलं. पडदा कोरा झाला.

“अगं बाई! वन्सं गेल्या!” बाई किंचाळल्या.

“कचरापेटीत बघा,” सून शांतपणे म्हणाली.

कचरापेटीत सगळे सुखरूप होते. ‘सगळं निवडा’, ‘परत आणा’, की नणंदबाई पुन्हा हजर. बाईंनी त्या दिवशी नणंदेला किती वेळा कचरापेटीत टाकलं आणि बाहेर काढलं, त्याला गणती नाही. मोबाइलवर नणंदेचा फोन आला तेव्हा त्या इतक्या गोड बोलल्या, की पलीकडून “वहिनी, तब्येत बरी आहे ना?” अशी विचारणा झाली.

हळूहळू बाई पिवळी पट्टी बाजूला सारून खऱ्या खात्यातही कामं पाठवू लागल्या. आधी एखादं, मग सगळीच. फळ्यावरचे बिल्ले दोन दिवस कोणी हलवले नाहीत, हे आधी शिडीच्या लक्षात आलं, आणि तो संमेलनाचं विचारायचं विसरला.

शुक्रवार उजाडला. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. सकाळपासून फोन धो धो वाजत होते आणि कामं भराभर रवाना होत होती. सगळं सुरळीत चाललेलं बघून सुनेला एकदम आठवलं, की मालक सराव खातंही बघायला मागणार, आणि त्यात सासर भरलंय. शिवाय आदल्या दिवशी बाईंना फारच मजा सुचली होती आणि त्यांनी आणखी एक नोंद करून ठेवली होती, जी मालकांच्या नजरेला पडून चालणार नव्हती.

“आई, सरका जरा, ते पुसून टाकते,” ती कुजबुजली. तिने आपल्या नावाने खरं खातं उघडलंच होतं, कारण मालकांना सगळे अधिकार दाखवायचे होते. त्याच्यावर तिने सराव खातं उघडलं. तेवढ्यात जिन्यावर मालकांचा खोकला ऐकू आला. सुनेने दचकून पडद्यावरची समोरची खिडकी खाली दडवली, आणि उरली तिच्यात जाऊन घाईघाईने लाल बटण दाबलं. बाई तेव्हा फोनवर एका सोसायटीच्या चिटणीसांची समजूत काढत होत्या. त्यांनी सहज वळून पाहिलं, तर कोऱ्या पडद्यावर पिवळी पट्टी नव्हती. रिकामं झालं होतं ते खरं खातं.

आधी शिडीचा फोन आला. “बाई, काम रद्द म्हणून मेसेज आलाय. दरवाजा उघडून अर्धा आत लोंबकळतोय मी. उतरू का चढू?”

“आहेस तसा राहा!” बाई म्हणाल्या.

मग दुसऱ्याचा. मग तिसरा फोन एका इमारतीच्या वॉचमनचा. त्यांच्या लिफ्टमध्ये एक वयस्कर शिक्षिका अडकल्या होत्या, मेकॅनिक फाटकातून आत आला, मोबाइल बघितला आणि स्कूटर वळवून निघून गेला म्हणे. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिचे हात माउसवर होते आणि हलत नव्हते. मालक दारात उभे होते.

“काय चाललंय काय?” त्यांनी विचारलं.

बाईंनी सुनेचा हात अलगद उचलून बाजूला ठेवला आणि माउस घेतला. कचरापेटी. सगळं निवडा. परत आणा. नणंदेला इतक्या वेळा बाहेर काढलं होतं, आता तर बाहेर काढायला फक्त कामं होती. पडदा पुन्हा भरला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर ‘काम पुन्हा सुरू’ गेलं. तरी स्कूटरवाल्याला बाईंनी स्वतः फोन लावला. “आत्ताच्या आत्ता मागे फीर. त्या शिक्षिका एकट्या आहेत आत.” तो कोपऱ्यापर्यंतच गेला होता. शिक्षिका मोकळ्या झाल्याचा निरोप येईपर्यंत खोलीत कोणी बसलं नाही. निरोप आला तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

“हे कोणी केलं?” मालकांनी विचारलं.

सुनेने तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत बाई बोलून मोकळ्या झाल्या. “मी. माझी बोटं चुकली. तिचा काही संबंध नाही.”

बोलल्या आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोललो. तळघर, कप्प्या, ग्रीसचे डबे. हसणारे मेकॅनिक. डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून त्या उगाच पडद्याकडे वळल्या आणि समोरची खिडकी बंद करायला गेल्या. दडवलेली दुसरी खिडकी त्यामुळे वर आली. पिवळ्या पट्टीसकट.

मालक चष्मा लावून वाकले आणि मोठ्याने वाचू लागले.

“‘अडकलेली व्यक्ती, मालक. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. आरडाओरडा चालू. मेकॅनिक, नणंद. सद्यस्थिती, चहा घेऊन निघते म्हणाली.’”

मालकांनी ते पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. त्यांची मिशी हलली. मग पोट हलायला लागलं, आणि मग ते खुर्चीत बसून डोळे पुसपुसून इतके हसले, की खालून दोन माणसं वर बघायला आली.

“कधीपासून अडकलोय मी?” त्यांनी विचारलं.

“कालपासून,” बाई खाली मान घालून म्हणाल्या.

“आणि बाई, मी दारात आलो तेव्हा माउस कोणाच्या हातात होता, ते मला दिसलं होतं. खोटं बोलायलाही सराव लागतो. तुम्हाला तो नाही.”

“मीच केलं ते,” सून म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. “आईंनी निस्तरलं.”

“तेही दिसलं.” मालक उठले. “कोठारासाठी आता दुसरं कोणीतरी बघावं लागणार मला. तुमच्यातल्या एकीलाही इथून हलवता येणार नाही. एक निस्तरते आणि दुसरी निस्तरायला शिकवते.” दारापर्यंत जाऊन ते थबकले आणि आवाज खाली आणून सुनेला म्हणाले, “मलाही तसलं एक खातं काढून दे. माझ्या केबिनमध्ये. दार लावून शिकेन म्हणतो.”

ते गेल्यावर सासू-सुना एकमेकींकडे बघायचं टाळत राहिल्या. सून टेबलावरची पेनं सारखी करत होती.

“आई, तुमचं टेबल गेलं असतं. कशाला सांगितलंत तसं?”

“तुझी नोकरी गेली असती,” बाई म्हणाल्या. “आणि माझी सून आहेस तू. एवढं काय विचारायचं त्यात?” आवाज कडकच होता, पण सुनेच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकलं, इमारत निवडली, शिडीला पाठवलं आणि मेसेज गेल्याची खूण बघितली. मग नेहमीसारखा रिसीव्हर कानाशी न नेता त्यांनी तो सुनेसमोर धरला.

“घे. एक जण अडकलाय. शिडी पोचेपर्यंत बोल त्याच्याशी.”

“मी?” सून दोन पावलं मागे सरली. “मला नाही जमणार. हा खरा माणूस आहे, आई. चुकलं काही तर?”

“चूक की. मी बसलेय ना इथे.”

बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून घेतलं. सुनेने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि घसा खाकरला.

“हॅलो... घाबरू नका हं, आमचा माणूस निघालाय. मी बोलते तुमच्याशी तोवर. म्हणजे... मी नवीन आहे जरा. मी पहिल्यांदाच बोलतेय.”

पलीकडून एक घाबराघुबरा पण मोठा सज्जन आवाज आला.

“काही हरकत नाही, ताई. मीही पहिल्यांदाच अडकलोय.”